दोन आरसे, एक अक्ष : परावर्ती दुर्बिणीच्या संरेखनाविषयी

शाळेला दुर्बीण मिळणे ही त्या शाळेच्या आयुष्यातील आनंदाची घटना असते. ती कधी शासकीय योजनेतून येते, कधी एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून, तर कधी पालकांच्या आणि वस्तीतील लोकांच्या वर्गणीतून. पहिले काही दिवस मुले रांगेत उभी राहून चंद्रावरची विवरे पाहतात. वर्ष-दोन वर्षे जातात. मग एखाद्या रात्री गुरूकडे दुर्बीण वळवली, तर त्याचे पट्टे दिसत नाहीत. शनीची वलये ग्रहाच्या गोळ्यात मिसळून गेलेली असतात. तारा ठिपक्यासारखा न दिसता शेपटी फुटलेल्या स्वल्पविरामासारखा दिसतो. ‘दुर्बीण खराब झाली’ असा निर्वाळा दिला जातो, तिच्यावर कापड टाकले जाते, कपाटाला कुलूप लागते आणि डेड स्टॉक रजिस्टरमधील एक ओळ तेवढी शिल्लक राहते.

अशा प्रसंगी दुर्बीण पुष्कळदा बिघडलेली नसते. तिच्यातील दोन आरसे एका अक्षावर राहिलेले नसतात, एवढेच. त्यांना पुन्हा एका अक्षावर आणण्याच्या क्रियेला संरेखन म्हणतात. आकाशनिरीक्षकांच्या बोलण्यात तिलाच ‘कॉलिमेशन’ असा शब्द आहे. सराव झाला की हे काम दहा-पंधरा मिनिटांचे होते. त्यासाठी कारखान्याची, महागड्या उपकरणाची किंवा बाहेरून आलेल्या तज्ज्ञाची गरज नसते. इयत्ता आठवी-नववीतील दोन विद्यार्थी ते करू शकतात. ते कसे करायचे आणि मुळात का करावे लागते, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

आरशाची दुर्बीण कशी आली

सतराव्या शतकातील पहिल्या दुर्बिणी भिंगांच्या होत्या. भिंगातून जाताना निरनिराळ्या रंगांचा प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात वळतो. त्यामुळे तेजस्वी वस्तूभोवती रंगीत कडा दिसत. आरशावरून परावर्तित होताना मात्र सर्व रंग एकाच नियमाने वागतात. स्कॉटिश गणिती जेम्स ग्रेगरी याने १६६३ मध्ये आरशांच्या दुर्बिणीची कल्पना ग्रंथरूपाने मांडली. परंतु हवे तसे आरसे घासून देणारा कारागीर त्याला मिळाला नाही. आयझॅक न्यूटन याने १६६८ मध्ये तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा स्वतः घासून पहिली चालणारी परावर्ती दुर्बीण तयार केली. तिचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता. तिच्यात अंतर्वक्र मुख्य आरसा नळीच्या तळाशी होता, आणि वर एक छोटा सपाट आरसा तिरका बसवून प्रकाश बाजूच्या छिद्राकडे वळवलेला होता. आज शाळांमधून दिसणाऱ्या बहुतेक परावर्ती दुर्बिणींची रचना हीच आहे आणि ती न्यूटनच्याच नावाने ओळखली जाते.

या रचनेने रंगांचा दोष घालवला, पण तिच्याबरोबर एक नवी जबाबदारी आली. आरसा एका अंशाने कलला, तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. भिंग किंचित कलले तर प्रतिमा तितकी बिघडत नाही. आरसा मात्र लहानशी चूकही दुप्पट करून दाखवतो. शिवाय त्या काळचे धातूचे आरसे हवेने काळवंडत. ते काढून पुन्हा घासावे लागत आणि पुन्हा जागेवर बसवावे लागत. परावर्ती दुर्बीण वापरणे म्हणजे तिचे आरसे वारंवार जुळवणे, हा संबंध तेव्हापासूनचा आहे.

इंग्लंडमधील बाथ या गावी राहणारा विल्यम हर्शेल हा व्यवसायाने संगीतकार होता. तो आरसे स्वतःच्या घरी घाशी. हे काम मध्येच थांबवता येत नसे. अशा वेळी त्याची बहीण कॅरोलाइन त्याला वाचून दाखवी आणि घासही भरवी, असे तिने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. पुढे तीही धूमकेतू शोधणारी मान्यवर खगोलशास्त्रज्ञ झाली. १३ मार्च १७८१ रोजी हर्शेलला सुमारे सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून एक ‘तारा’ इतर ताऱ्यांसारखा ठिपका न दिसता लहानशा चकतीसारखा दिसला. तोच युरेनस ग्रह. जॉन फ्लॅमस्टीड याने तो १६९० मध्येच पाहिला होता, पण त्याची नोंद तारा म्हणूनच झाली होती. ठिपका आणि चकती यांतील सूक्ष्म भेद दाखवणारी स्वच्छ प्रतिमा हर्शेलपाशी होती, आणि त्या भेदाने सूर्यमालेची तोवरची सीमा ओलांडली गेली. दुर्बिणीचे मोल तिने किती मोठे करून दाखवले यापेक्षा किती स्पष्ट दाखवले यावर ठरते, हे या घटनेवरून ध्यानात यावे.

१८५७ मध्ये फ्रान्समध्ये लेआँ फूको याने काचेवर चांदीचा पातळ थर दिलेले आरसे दुर्बिणीत वापरले, आणि जड मिश्रधातूचे युग हळूहळू संपले. महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. भावनगरच्या संस्थानिकांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वेधशाळेचे काम प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पाहिले. तेथे वीस इंची परावर्ती दुर्बीण होती. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची साधने तामिळनाडूतील कोडाईकनालला गेली. जाणता हात नसला की साधन टिकत नाही, ही गोष्ट आपल्याकडे अशी शंभर वर्षांपूर्वीही घडलेली आहे.

नळीच्या आत काय असते

न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत तीन मुख्य भाग असतात. नळीच्या तळाशी मुख्य आरसा असतो. तो अंतर्वक्र आणि चांगल्या दुर्बिणीत परवलयाकार असतो. त्याच्या पाठीमागे तीन संरेखन-स्क्रू असतात आणि बहुधा ते जागीच घट्ट ठेवणारे आणखी तीन स्क्रू असतात. नळीच्या वरच्या तोंडाशी, पातळ पात्यांच्या आधारावर, लंबवर्तुळाकार सपाट दुय्यम आरसा ४५ अंशांत तिरका बसवलेला असतो. त्याच्या पाठीवर मधोमध एक मोठा स्क्रू आणि त्याभोवती तीन लहान स्क्रू असतात. तिसरा भाग फोकसर, म्हणजे नळीच्या बाजूला असलेली, पुढेमागे सरकणारी आखूड नळी. हिच्यात नेत्रिका बसते आणि नेत्रिकेला आपण डोळा लावतो.

प्रकाशाचा प्रवास असा होतो. ताऱ्याचे समांतर किरण नळीतून खाली येतात, मुख्य आरशावरून परततात, एकत्र येत येत दुय्यम आरशावर पडतात, काटकोनात वळतात आणि फोकसरमध्ये एका बिंदूत मिळतात. संरेखन म्हणजे दोन गोष्टी साधणे. फोकसरचा अक्ष दुय्यम आरशावरून वळून मुख्य आरशाच्या नेमक्या केंद्रावर पोहोचला पाहिजे. आणि मुख्य आरशाचा अक्ष त्याच वाटेने परत येऊन फोकसरच्या मध्यातून बाहेर पडला पाहिजे. जाण्याची व येण्याची वाट एक झाली की काम झाले.

अक्ष ढळला म्हणजे काय होते

परवलयाकार आरशाचा एक गुण आहे आणि त्या गुणाची एक मर्यादाही आहे. अक्षाला समांतर आलेले किरण तो नेमके एका बिंदूत आणतो; पण अक्षाशी थोडाही कोन करून आलेले किरण एका बिंदूत न मिळता धूमकेतूसारखी शेपटी काढतात. या दोषाला ‘कोमा’ म्हणतात. म्हणून प्रत्येक दुर्बिणीत प्रतिमा निर्दोष असण्याचे एक लहानसे वर्तुळ असते. त्याचा आकार आरशाच्या व्यासापेक्षा नाभीय गुणोत्तरावर, म्हणजे नाभीय अंतराला आरशाच्या व्यासाने भागून येणाऱ्या संख्येवर, अवलंबून असतो. या गुणोत्तराचा घन करून त्याला ०.०२२ ने गुणले, की त्या वर्तुळाचा अंदाजे व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो.

दोन उदाहरणे घेऊ. १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ८ आणि निर्दोष वर्तुळाचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर. त्याच व्यासाच्या आरशाचे नाभीय अंतर ७५० मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ५ आणि वर्तुळ पावणेतीन मिलिमीटरचे. पहिली दुर्बीण थोडेफार दुर्लक्ष खपवून घेते, दुसरी घेत नाही. आखूड नळीची दुर्बीण न्यायला-आणायला सोपी म्हणून शाळा ती पसंत करतात. तिला संरेखनाची काळजी अधिक लागते हे खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते.

आता एक स्क्रू किती परिणाम करतो ते पाहू. समजा, या दुसऱ्या दुर्बिणीत आरशामागचे तीन स्क्रू केंद्रापासून ६० मिलिमीटरवर आहेत आणि एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू एक मिलिमीटर सरकतो. एक स्क्रू केवळ पाव फेरा फिरवला तर अक्ष नाभीपाशी सुमारे दोन मिलिमीटर सरकतो. निर्दोष वर्तुळाची त्रिज्या दीड मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. म्हणजे पाव फेऱ्यानेच चांगली प्रतिमा नेत्रिकेच्या मध्यातून बाहेर गेली. गाडीच्या टपावरून खडबडीत रस्त्याने केलेला एक प्रवास, किंवा दोन खोल्यांमधील एक धक्का, एवढे करायला पुरेसा आहे.

हा दोष बरेच दिवस लक्षात येत नाही, कारण चंद्र फारसा तक्रार करत नाही. कमी वर्धनात, ढळलेल्या अक्षाच्या दुर्बिणीतूनही तो सुंदर दिसतो. खरी परीक्षा वर्धन वाढवल्यावर होते. गुरूचे पट्टे, जोडताऱ्यांमधील फट, शनीच्या वलयांमधील काळी कॅसिनी रेषा हे सूक्ष्म तपशील सर्वांत आधी नाहीसे होतात. जे विद्यार्थ्याला थक्क करून सोडते, नेमके तेच हरवते.

तयारी

हे काम दिवसा, उजेडाच्या खोलीत करावे. नळी आडवी ठेवून तिचे तोंड पांढऱ्या भिंतीकडे करावे. आडवी ठेवण्याचे कारण साधे आहे : हातातून किल्ली निसटली तर ती मुख्य आरशावर पडू नये. त्याचसाठी किल्लीला दोरा बांधून तो मनगटात अडकवावा. दुर्बीण कधीही सूर्याच्या दिशेने नेऊ नये. एका क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते. हा नियम मुलांना पहिल्या दिवशी आणि त्यानंतर प्रत्येक वेळी सांगावा.

साहित्य थोडे आहे : लहान स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की, दोन पांढरे कागद, आणि फोकसरची प्लास्टिकची टोपी. टोपीच्या अगदी मध्यभागी दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि तिच्या आतल्या बाजूस छिद्र मोकळे ठेवून पांढरा कागद चिकटवावा. डोळा फोकसरच्या मध्यावर आणणारे साधन तयार झाले. मुख्य आरशाच्या केंद्रावर कारखान्यातूनच एक लहान कडे चिकटवलेले असते. नसेल तर आरसा काढून, फक्त कडेने धरून, कागदी नमुन्यावरून केंद्र काढावे आणि फाइलच्या कागदांच्या छिद्रांना लावतात तसले गोल कडे तेथे चिकटवावे. त्याने प्रतिमा बिघडत नाही, कारण आरशाचा मधला भाग तसाही दुय्यम आरशाच्या सावलीत असतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आरशावर धूळ दिसली की ती रुमालाने पुसण्याचा मोह होतो. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. कोरड्या कापडाने त्यावर कायमचे ओरखडे पडतात. थोडी धूळ प्रतिमेचे फारसे नुकसान करत नाही; ती पुसण्याने मात्र होते.

तीन पायऱ्या

पहिली पायरी दुय्यम आरशाच्या जागेची. एक पांढरा कागद नळीत, फोकसरच्या समोरच्या बाजूस लावावा आणि दुसरा दोन्ही आरशांच्या मध्ये आडवा धरावा, म्हणजे मुख्य आरशाचे प्रतिबिंब मध्ये येणार नाही. आता टोपीच्या छिद्रातून पाहावे. दुय्यम आरसा लंबवर्तुळाकार असला तरी तिरका बसवल्यामुळे येथून तो पूर्ण गोल दिसला पाहिजे, आणि फोकसरच्या वर्तुळाच्या मध्यभागी दिसला पाहिजे. तो नळीच्या लांबीच्या दिशेने सरकलेला असेल तर मधला स्क्रू वापरावा. अंडाकृती दिसत असेल तर आरशाची धारणी हलकेच फिरवावी. ही पायरी एकदा नीट झाली की पुष्कळ काळ टिकते.

दुसरी पायरी दुय्यम आरशाच्या कलाची. मधला कागद काढून पुन्हा पाहावे. दुय्यम आरशात मुख्य आरशाचे पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. त्याला धरून ठेवणाऱ्या सर्व पकडी दिसल्या तर ते पूर्ण आहे असे समजावे. तीन लहान स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या केंद्रावरचे कडे दृष्टीच्या मध्यावर आणावे. एक स्क्रू घट्ट करण्यापूर्वी दुसरा थोडा सैल करावा. जोर लावू नये. कमी नाभीय गुणोत्तराच्या दुर्बिणीत दुय्यम आरशाची काळी छाया मुख्य आरशाच्या बाजूला किंचित सरकलेली दिसते. ते रचनेनेच तसे असते. ती मध्यावर आणण्याचा खटाटोप करू नये.

तिसरी पायरी मुख्य आरशाच्या कलाची, आणि सर्वांत महत्त्वाची. पाठीमागचे घट्ट ठेवणारे स्क्रू आधी सैल करावेत. छिद्रातून पाहिले की टोपीच्या पांढऱ्या आतल्या बाजूचे प्रतिबिंब दिसते आणि त्यात छिद्राचा काळा ठिपका दिसतो. संरेखन-स्क्रू फिरवून हा ठिपका केंद्रावरच्या कड्याच्या बरोबर आत आणायचा. नळी लांब असल्याने एकाच व्यक्तीचा डोळा पुढे आणि हात मागे पोहोचत नाही. म्हणून एकाने पाहावे, दुसऱ्याने फिरवावे. पाहणाऱ्याने ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असे न सांगता ‘पहिला स्क्रू, थोडा आत’ असे सांगावे. त्यासाठी स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे लिहून ठेवावेत. शेवटी घट्ट ठेवणारे स्क्रू हलकेच आवळून पुन्हा एकदा पाहावे, कारण आवळताना आरसा जरासा हलतो.

शाळेत हे काम शिकवताना एक गोष्ट प्रत्ययास येते. पाहणारा विद्यार्थी आणि स्क्रू फिरवणारा विद्यार्थी यांना एकमेकांवर विसंबावे लागते. बोलण्यात नेमकेपणा नसेल तर ठिपका कड्यात येत नाही. मग दोघांनी जागा बदलाव्यात, म्हणजे दोन्ही कामे दोघांनाही येतात. दुर्बिणीचे ज्ञान एकाच हुशार मुलाच्या हाती राहिले, तर दहावीनंतर ते त्याच्याबरोबर शाळेतून निघून जाते.

ताऱ्याची साक्ष

दिवसाचे संरेखन हा अंदाज; अंतिम निर्णय तारा देतो. रात्री दुर्बीण निदान पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवावी. पत्र्याच्या छपराखाली तापलेला आरसा थंड होईपर्यंत त्याच्यावरून उठणारी गरम हवा प्रतिमा थरथरवते आणि तो दोष उगाच संरेखनाच्या माथी मारला जातो.

एक मध्यम तेजस्वी तारा नेत्रिकेच्या अगदी मध्यावर घ्यावा. वर्धन १५० पट किंवा अधिक असावे. फोकस किंचित बिघडवला की तारा प्रकाशाच्या वर्तुळांत पसरतो आणि त्याच्या मध्यात दुय्यम आरशाची काळी छाया दिसते. ही वर्तुळे समकेंद्री असतील तर संरेखन बरोबर. एका बाजूला दाटलेली आणि दुसऱ्या बाजूला पसरलेली असतील, तर मुख्य आरशाचा एक स्क्रू अगदी थोडा, एक-अष्टमांश फेऱ्याहूनही कमी, फिरवावा. तारा पुन्हा मध्यावर आणावा आणि मगच निर्णय घ्यावा. तारा कडेला असताना दिसणारी शेपटी आरशाच्या स्वभावातलीच असते. प्रतिमा अधिक बिघडली तर तोच स्क्रू उलट फिरवावा. तारा त्रिकोणी दिसत असेल तर दोष संरेखनाचा नसून बहुधा आरशाच्या पकडी अति घट्ट झालेल्या असतात. त्या जराशा सैल कराव्यात.

परीक्षेसाठी ध्रुवतारा सोयीचा, कारण तो जागचा फारसा हलत नाही. मात्र महाराष्ट्रात तो क्षितिजापासून फार वर नसतो : कोल्हापुरात सुमारे १७ अंश, नागपुरात २१ अंश. इतक्या खालच्या जाड हवेतून त्याची प्रतिमा पुष्कळदा अस्थिर असते. अशा वेळी डोक्यावरचा तारा घ्यावा. तो १५० पट वर्धनात मिनिट-सव्वा मिनिटात नेत्रिकेतून निघून जातो, म्हणून एक विद्यार्थी दुर्बीण सरकवण्यासाठीच ठेवावा.

मोजणाऱ्या साधनाचीही परीक्षा

बाजारात संरेखनासाठी लेझरची साधने मिळतात. ती सोयीची आहेत, पण लेझरच्या नळकांड्यात किरण स्वतःच तिरका बसवलेला असू शकतो. साधन फोकसरमध्ये बसवून सावकाश गोल फिरवावे. मुख्य आरशावरचा लाल ठिपका जागीच राहिला तर साधन विश्वासार्ह, तो वर्तुळ काढू लागला तर साधनच ढळलेले आहे. अशा साधनाने केलेले संरेखन दर वेळी चुकते आणि दर वेळी बरोबर वाटते. लेझरचा किरण डोळ्यांत जाऊ नये याचीही काळजी घ्यावी.

या मुद्द्याचे सर्वांत महागडे उदाहरण हबल अवकाश दुर्बिणीचे आहे. ती २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली आणि थोड्याच आठवड्यांत तिच्या प्रतिमा धूसर असल्याचे उघड झाले. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा कडेशी सुमारे २.२ मायक्रोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या अगदी लहान अंशाने, अधिक सपाट घासला गेला होता. कारखान्याने तो अत्यंत काटेकोरपणे घासला होता. परंतु ज्या उपकरणाच्या आधारे घासला, त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या अंतरावर बसवलेले होते. अधिक साध्या अशा दुसऱ्या चाचण्यांनी दोष दाखवला होता. परंतु मोठे उपकरण अधिक अचूक मानले गेले आणि त्या चाचण्यांची साक्ष बाजूला ठेवली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीचे आरसे असलेली उपकरणे बसवली, तेव्हा कुठे दृष्टी स्वच्छ झाली. साधनाच्या प्रतिष्ठेपेक्षा पडताळा मोठा मानावा, हा धडा शाळेच्या सहा इंची दुर्बिणीलाही लागू आहे.

एक तारा, अठरा प्रतिमा

संरेखन हे केवळ हौशी निरीक्षकांचे काम आहे असे कोणी समजू नये. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा अठरा षट्कोनी तुकड्यांचा आहे. तो घडी करून नेला गेला आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील जागेकडे जाताना वाटेत उलगडला. शास्त्रज्ञांनी सप्तर्षी तारकासमूहातील एका साध्या ताऱ्याकडे ती प्रथम वळवली, तेव्हा त्या एका ताऱ्याचे अठरा विखुरलेले ठिपके दिसले. कोणता ठिपका कोणत्या तुकड्याचा, हे एकेक तुकडा हलवून ओळखावे लागले. मग ते ठिपके एकावर एक आणले गेले आणि शेवटी तुकड्यांमधील अंतरे मायक्रोमीटरपेक्षाही सूक्ष्म मापात जुळवली गेली. २०२२ च्या एप्रिलअखेर हे काम पुरे झाले. तेथे किल्लीच्या जागी मोटारी होत्या आणि दोऱ्याच्या जागी संदेश; पण पद्धत तीच : थोडे हलवा, पाहा, पडताळा, पुन्हा हलवा.

आपल्या जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्यासारख्या मोठ्या दुर्बिणींनाही आरशांचे संरेखन वेळोवेळी तपासावे लागते. मोठ्या दुर्बिणीला लाज वाटत नाही ते काम लहान दुर्बिणीने कमीपणाचे का मानावे? अक्ष ढळणे हा परावर्ती दुर्बिणीचा आजार नसून स्वभाव आहे. सतार किंवा एकतारी वाजवण्यापूर्वी सुरात लावतात. सूर उतरला म्हणून कोणी वाद्य मोडीत काढत नाही.

निवासी शाळेची रात्र

आता हे सारे एखाद्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत का लिहावे, याचे उत्तर देतो. दिवसाच्या शाळेतील मुले सूर्य मावळण्यापूर्वी घरी जातात; त्यांच्या शाळेला दुर्बीण असली तरी रात्र नसते. निवासी शाळेला रात्र असते. मुले तेथेच असतात, शिक्षक तेथेच असतात, आणि शाळा शहरापासून थोडी दूर असेल तर अंधारही चांगला असतो. हे वैभव पैशाने विकत मिळत नाही. ज्या मुलांच्या आधीच्या पिढ्यांना पाटी-पेन्सिलही सहज मिळाली नाही, त्यांच्या वाट्याला हे आकाश आले आहे. ते कपाटात बंद राहू नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. शाळेला दुर्बीण देण्याचा विचार असेल तर जरूर द्यावी. पण त्याआधी, आहे ती दुर्बीण बाहेर काढण्यासाठी एक रविवार द्यावा. तिच्याजवळ एक छिद्राची टोपी, एक किल्ली आणि एक वही ठेवावी. दर महिन्याला दोन विद्यार्थ्यांनी संरेखन तपासून वहीत तारीख, स्क्रूचा आकडा आणि ताऱ्याची आकृती नोंदवावी. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला ते शिकवून मगच शाळा सोडावी. पावसाळ्याचे चार महिने आकाश मिळत नाही. तेव्हा खोलीत तीन पायऱ्यांचा सराव करावा. दिवाळीनंतरचे स्वच्छ आकाश येईल तेव्हा हात तयार असतील.

शनीची वलये ग्रहापासून सुटी, कडा कोरलेल्या, मधल्या काळ्या फटीसह दिसतात, तेव्हा पाहणारे मूल प्रथम नेत्रिकेवरून डोळा काढून नळीच्या तोंडाकडे पाहते. कोणी चित्र तर चिकटवले नाही ना, याची खात्री करून घेते. त्याला ती खात्री करू द्यावी. मग त्याच्या हातात किल्ली द्यावी.